आप्पासाहेबांच्या गाडीतलं गरम वारं

बायको नवऱ्यावर रुसली तर नवरा साडी आणतो, बोरमाळ करून देतो, अगदीच नाइलाज झाला तर मुकाट जेवून झोपतो. पण बायको गाडीवर रुसली तर काय करावं, हे वाघोलीत आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. ती पाळी पहिल्यांदा आली आप्पासाहेबांवर.

त्याचं असं झालं. नगर रस्त्याला लागून आप्पासाहेबांचा विहिरीजवळचा मळा होता. त्या वर्षांत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या, कंपन्यांत पोरं येत होती, आणि पोरांना राहायला घरं हवी होती. बिल्डर लोक वाघोलीत गुळावर मुंगळे जमावेत तसे जमले होते. त्यातल्या एकाने मळा घेतला. आप्पासाहेबांनी बंगला बांधला, तेजस्विनीचं लग्न दणक्यात लावून दिलं आणि दसऱ्याला पांढरीशुभ्र एसीची गाडी दारात आणून उभी केली. मथुराबाईंनी गाडीला ओवाळलं, नारळ फोडला, सगळं रीतसर केलं. मग आप्पासाहेबांनी मोठ्या ऐटीत पुढचं दार उघडून धरलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माजा मळा इकून आणल्याल्या डब्यात मी बसायची न्हाई."

"अगं, एसी हाय त्यात!"

"असंना का."

झालं! त्या दिवसापासून मथुराबाई माहेरी गेल्या त्या एसटीने, बाजाराला गेल्या त्या सहाआसनी रिक्षाने, सहाच्या जागी बारा माणसांत चेंगरून. आणि रिक्षाच्या मागोमाग आप्पासाहेब आपली रिकामी गाडी घेऊन हॉर्न वाजवत. "अगं, उतर की आता! लोक हसत्यात!" मथुराबाई नाकाला पदर लावून दुसरीकडे बघायच्या. सारा नगर रस्ता ही वरात बघायचा आणि दुकानदार एकमेकांना खुणा करायचे.

आप्पासाहेब तसे वाईट नव्हेत, पण हट्टी. मळा विकला ते चुकलंच की काय, असं त्यांच्याही मनात अधूनमधून यायचं. पण बोलून दाखवतील तर ते आप्पासाहेब कसले? सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. त्यांच्या मनात एकच होतं: हिने एकदा, फक्त एकदा, शेजारच्या सीटवर येऊन बसावं. ती बसली म्हणजे मळ्याचं भांडण मिटलं. नाही बसली तर ते सरणापर्यंत चालणार, ही त्यांची खात्री होती आणि त्याची त्यांना मनातून धास्ती होती.

आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात देवानेच संधी दिली. तेजस्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पुण्यात हॉस्पिटलात तिला मुलगी झाली. जावई कंपनीच्या कामावर अमेरिकेत, म्हणजे मायलेकींना घरी आणायचं ते ह्या दोघांनीच. घरी सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी तेजस्विनीचा फोन आला.

"आई, प्लीज हं, रिक्षाबिक्षा नको. नगर रोडचं पोल्युशन बघितलंयस का? कार घेऊन या, आणि तू पण कारमध्येच बस. बाळाला घेऊन मला एकटीला नाही मॅनेज होणार."

मथुराबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "त्या गाडीत गार वारं सुटतं. थंडी ही अशी पडलीया, आन ओल्या बाळंतिणीला गार वारं? जमायचं न्हाई."

"अगं, हिच्यात गरम वारं बी येतं!" आप्पासाहेब एकदम उभेच राहिले. "खटका निळ्याकडं केला की गार, तांबड्याकडं केला की गरम. गाडी देताना त्या माणसानं सोता सांगितलंय मला."

"तुमी लावून बघितलंय?"

आता पुण्यात गाडीचा हीटर लावून बघणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आपल्याकडे हिवाळा म्हणजे एक स्वेटर आणि दोन महिने तक्रार. पण आप्पासाहेब म्हणाले, "बघायचं काय त्यात? चल, दावतो."

मथुराबाई अंगणात आल्या. गाडीत बसल्या नाहीत हं! बाहेरच उभ्या राहून खिडकीतून एक हात तेवढा आत घातला. "खरंच गरम आलं तर बसते. पोरीसाठी. तुमच्यासाठी न्हवं."

आप्पासाहेबांना ते 'बसते' एवढंच ऐकू आलं. त्यांनी गाडी चालू केली, खटका तांबड्याकडे नेला आणि पंख्याचं बटण थेट चारवर फिरवलं. आतून 'खर्र' असा आवाज आला, कुणीतरी घसा खाकरावा तसा. मग 'टक'. मग काहीच नाही. आप्पासाहेबांनी बटण एकवर केलं, दोनवर केलं, डॅशबोर्डवर एक बुक्की मारली. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही.

मथुराबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला. "आलं बरं गरम. रिक्षा सांगून ठेवा."

आप्पासाहेबांनी बाकीचं काही ऐकलंच नाही. तशीच गाडी काढली आणि सुटले ते येरवड्याला, हिंमतरावाकडे. हा हिंमतराव मूळचा अकोल्याकडचा. येरवड्यात गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं काम करायचा, आणि हात चालण्याआधी त्याचं तोंड चालायचं. गाडी नुसती फाटकातून आत आली की आजार ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. म्हणजे, तो स्वतःच तसं सांगायचा.

"मोटर गेली!" आप्पासाहेबांनी दार उघडायच्या आत हिंमतरावाने निकाल दिला. "पंख्याची मोटर जळाली तुमची. नवी टाका लागते."

"अरे, बघ तरी आधी!"

"पाहाले काय लागते जी? वीस वर्सांपासून हेच करून राह्यलो." तरी त्याने फ्यूजचा डबा उघडला. पंख्याचा फ्यूज जळालेला होता. नवा बसवला, बटण फिरवलं, आणि 'टक'. तोही गेला. "पाहा! मोटर अडकली म्हून करंट जास्त ओढते, अन् फ्यूज उडते. आता मले सांगा, याच्या आधी पंखा एकवर चालत होता का? दोनवर?"

"छ्या! उन्हाळ्यापासनं निस्ता चारवरच चालायचा. एक, दोन, तीनवर काय न्हाई."

"मंग तवा काऊन नाही आले माह्याकडे?"

"मला वाटलं, एसी घेतलाय तर माणसानं सगळ्यात जोराचाच लावावा. एक-दोनवर कंजूष लोक लावत असतील."

हिंमतरावाने कपाळावर हात मारला. "अहो आप्पासाहेब, एक-दोन-तीनचा करंट एका लहानशा पार्टातून जाते. रेझिस्टर म्हन्तात त्याले. चारचा करंट सीधा मोटरीले जाते. म्हून थो पार्ट जळाला का मंग निस्तं चारच चालते. अन् थो पार्ट पंख्याच्याच वाऱ्यानं थंडा राह्यते. वारा तुंबला असन, म्हून थो जळाला. आता समजलं?"

आप्पासाहेबांना काही समजलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. "दुपारपर्यंत गरम वारं सुटलं पायजे, बस्स. माझ्या घराचा प्रश्न हाय."

हिंमतरावाने डाव्या बाजूचं दार सताड उघडलं, डॅशबोर्डचा कप्पा काढून ठेवला आणि उताणा होऊन आत शिरला. डोकं पाय ठेवायच्या जागी, पाय दाराबाहेर. तिथूनही त्याचं व्याख्यान चालूच. "मले पुन्यात येऊन इतके वर्सं झाले, पन मी म्हनलं मोटर गेली, त मोटर गेलीच. आजपावतो माहा अंदाज कधी चु..."

इथे शेवटचा स्क्रू निघाला, मोटर पंख्यासकट खाली आली आणि तिच्यामागून ढिगारा कोसळला, थेट हिंमतरावाच्या उघड्या तोंडात.

"थू! थू! अरे बाप रे बाप! हे काय होय?" बाहेरचे पाय ताडताड उडायला लागले.

आप्पासाहेबांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढला. तोंडभर पिवळं-तांबडं माखलेलं, मिशीत झेंडूच्या पाकळ्या. हिंमतरावाने जिभेवरचा एक दाणा तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि एकदम गंभीर झाला. "आप्पासाहेब, ही त ज्वारी हाय."

"ज्वारी? गाडीत?"

नुसती ज्वारी नव्हे! पंख्याच्या पिंजऱ्यात ज्वारी, झेंडू, तुळशीची पानं, हळद आणि कुंकू ह्यांचा ओला लगदा गच्च बसला होता. आणि त्यातल्या बऱ्याच दाण्यांना मोड आले होते. एकदोन तर चांगले बोटभर वाढून, अंधारात पांढुरके पडून, पंख्याच्या पात्यांतून डोकं काढून बघत होते. हिंमतरावाने लगदा खरवडून काढला, मोटरीला बॅटरीच्या वायरी लावल्या, तशी ती भुंग्यासारखी फिरायला लागली. मोटर ठणठणीत होती.

"मोटर गेली म्हणत हुतास न्हवं?"

"कोन? मी? मी म्हनलं, मोटर अडकली. गेली असं मी बोललोच नाही." हिंमतरावाने विषय तिथेच गाडला आणि आवाज उतरवला. "पन जी, धान्य, हळद, कुंकू... एवढं सामान आपल्या पायानं त नाही आलं. कोन्या तरी मान्सानं तुमच्यावर करनी केली."

आप्पासाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. करणी! दुसरं काय असणार? आणि करणार तरी दुसरं कोण? शेजारचा चुलतभाऊ बापूराव! बापूरावाची जमीन आत, रस्त्यापासून लांब. तिला अजून गिऱ्हाईक नाही, म्हणून दारात गाडी नाही. गाडी आली त्या दिवशी पेढा खाऊन तो म्हणाला होता, "आप्पा, गाडी ब्येस हाय, पर टिकल का?" आता कळलं, तो असं का म्हणाला होता ते.

हिंमतरावाने पंख्याचं घर पुसून काढलं, जळालेला रेझिस्टर बदलला, नवा फ्यूज बसवला. पंखा एकवर फिरला, दोनवर फिरला, तीनवर, चारवर. आप्पासाहेबांनी झरोक्यापुढे हात धरला आणि ओरडले, "हे तर गारच हाय!"

"इंजिन तापू द्या ना जी! चुलीत जाळ केल्याबरोबर भाकर भाजत असते का?"

इंजिन तापलं. आणि आलं! गरमागरम, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवल्यासारखं. समोरच्या काचेच्या पायथ्याला हवा आत घ्यायची काळी जाळी असते, तिच्यावर हिंमतरावाने वरून एक बारीक जाळी बसवून दिली आणि बजावलं, "हे सारं इथूनच आत गेलं. कोन टाकते त्याचा शोध घ्या, नाही त दोन महिन्यानं परत याल." आप्पासाहेबांनी मोडासकट तो लगदा वर्तमानपत्रात बांधून घेतला. पुरावा म्हणून.

वाघोलीत शिरले ते घरी गेलेच नाहीत. तडक बापूरावाच्या गोठ्यात. बापूराव म्हशीला वैरण टाकत होता.

"बापू! लाज वाटती का? भावकीतला असून माझ्या गाडीवर करणी करतोस?" आणि त्यांनी पुडकं त्याच्या पायाशी आपटलं.

बापूरावाने वाकून बघितलं. म्हशीनेही बघितलं, आणि ती मोड खायला पुढे आली, तिला त्याने मागे ढकललं. "आप्पा, तुज्या गाडीकडं मी लांबनं बघितलं तरी तू फडकं मारतोस. मी तिच्यावर करणी कवा करू?"

"मग कोण करतंय?"

"मला काय इचारतोस? तुज्याच घरात इचार. रोज तांबडं फुटायला मी धार काढाया उठतो, तवा वैनी तांब्या आन ताट घेऊन तुज्या गाडीपुढं उभ्या असत्यात. हळद-कुकू लावत्यात, फुलं वाहत्यात, दाणं टाकत्यात, पाणी शिपडत्यात. मला म्हनाल्या, तुमच्या भावाला बोलू नगासा, म्हून मी गप."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आप्पासाहेबांनी पुडकं उचललं. बापूरावाला 'चुकलं' म्हणायला हवं होतं. ते तोंडाशी आलं, पण बाहेर पडलं नाही. म्हशीच्या पाठीवर दोन थापा मारून ते घराकडे वळले.

मथुराबाई माजघरात टोपडी आणि दुपटी घडी घालून पिशवीत भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करणी कुणी केली, घावलं का? तुमचा आवाज पार इथवर येत हुता."

आप्पासाहेबांनी त्यांच्यापुढे पुडकं उघडलं. मथुराबाईंनी मोड बघितले, एक दाणा उचलला, फिरवून बघितला. "अगं बाई! ही उगवली? गाडीत?"

"पंख्यात. पंखा पार गच्च करून टाकलास तू."

"मला काय ठावं? दाणं त्या जाळीतनं आत जायाचं. मला वाटायचं, देवाला पोचलं." आणि मथुराबाई हसायला लागल्या. गाडी दारात आल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. "तुमी मळा सिमिटाखाली घातला, आन त्यो बगा कुठं उगवला!"

आप्पासाहेबांच्या आता ध्यानात आलं. मळा गेला त्या वर्षीची शेवटची ज्वारी. मथुराबाईंनी एक पोतं बाजूला काढून ठेवलं होतं आणि त्यातला दाणा जात्यात जाऊ दिला नव्हता. ह्या घरात अक्षता ज्वारीच्याच असतात, तांदळाच्या नव्हे; तेजस्विनीच्या लग्नातसुद्धा तीच टाकली होती. आणि तीच ज्वारी ही बाई रोज सकाळी चिमूट चिमूट त्यांच्या गाडीवर टाकत होती.

"अगं, पण तू तर गाडीवर रुसल्याली."

"हाय की. तुमच्यावर बी रुसलीया. पर रुसायला तरी माणूस सांजच्याला घरी यायला पायजे न्हवं? रस्त्यानं डंपर कसं पळत्यात ते रोज बघती मी. आन तुमी कसं चालिवता ते बी सहाआसनीतनं बघितलंय. तुमी उठायच्या आत करायची आन पुसून बी टाकायची, गुमान. उन्हं डोक्यावर आल्याबिगर तुमी काय उठताय."

"आन ज्वारी मळ्यातलीच कशापायी?"

मथुराबाईंचं हसू ओसरलं. "मळा तुमी त्या गाडीत घातला. म्हटलं, तुमची राखण बी मग मळ्यानंच करावी."

भर माजघरात, टोपड्यांच्या ढिगाऱ्यापुढे आप्पासाहेबांनी मटकन बसकण मारली. बिल्डरापुढे, भावकीपुढे, देवापुढे जे कधी बोलले नव्हते ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मळा इकायला नगं हुता, मथुरे. चुकलं माजं."

मथुराबाईंनी पिशवी बाजूला सरकवली. दुपट्याची एक घडी मोडून त्यांनी पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "हात धुवा जावा. कुकवानं माखल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. आप्पासाहेब कधी नव्हे ते अंधारातच उठले. गाडी चालू करून इंजिन तापवलं, पंखा दोनवर ठेवला; चारवर नाही. मथुराबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. कालच्यासारखाच खिडकीतून हात आत घातला आणि तसाच राहू दिला. उलटा केला, सुलटा केला. "आलं की गरम," एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच्या हाताने दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली, पदर नीट केला.

इकडे आप्पासाहेब गाडीत बसायचे सोडून घुटमळत होते. बोनेटपाशी गेले, जाळी बघितली, चाकं बघितली. शेवटी खिडकीशी आले. त्यांची मूठ वळलेली होती.

"अगं, आज तू गाडीपुढं काय केलं न्हाईस."

"न्हाई."

"जाळीवर नगं, पर चाकावर तरी अक्षता वाह. मी आणल्यात." त्यांनी मूठ उघडली. पोत्यातली मूठभर ज्वारी, हळद लावलेली. हळद इतकी लावली होती की दाणा दिसत नव्हता. "रोजचं हाय म्हून म्हटलं. आन आज तर पोरगी, नात, समदीच गाडीत."

मथुराबाईंनी त्या मुठीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं.

"ठेवा ती पोत्यात परत," त्या म्हणाल्या. "मी गाडीत नसायची म्हून ज्वारी टाकत हुते. आज मी हाय की."

आप्पासाहेबांनी ज्वारी सदऱ्याच्या खिशात टाकली, नाक ओढलं आणि पहिला गिअर टाकला.